आई, ती डबी तुमची नव्हती

आई, गोंदियाकडची सगळी मंडळी आज सकाळच्या पॅसेंजरने परतली. जाताना प्रत्येक बाईने माझा हात हातात घेऊन तेच सांगितलं, तुझी सासू म्हणजे गरीब गाय होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान डोलावत राहिले. मनात मात्र येत होतं, या नेमकं कोणाबद्दल बोलताहेत? मी घासलेला पेला माझ्यासमोर पुन्हा घासणाऱ्या, दाराची कडी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय तिला हात न लावणाऱ्या, डॉक्टर सुनेला हात कसे धुवायचे हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईला मी तरी गाय म्हणणार नाही. तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं.

आता घरात प्रमोद आणि मी दोघंच आहोत. प्रमोद तुमच्या खोलीतला पंखा बंद करून आला आणि पेपर घेऊन बसला, पण पान काही उलटत नाही. खाली दवाखाना मी अजून उघडलेला नाही. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. डबीची गोष्ट गावाकडच्या लोकांना सांगायची नाही असं तुम्ही बजावलं होतं, आणि मी खरंच कोणाला सांगितली नाही. पण तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? तुमची बाजू तुम्हाला ठाऊक आहे. माझी बाजू मी तुम्हाला कधी नीट सांगितलीच नाही.

तेव्हा तुम्ही प्लांटजवळच्या कॅम्प-वन वस्तीतल्या घरात एकट्या राहत होतात. प्रमोदचे वडील, मामाजी, जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी नेहरू नगरला आमच्याकडे यायला तुम्ही तयार नव्हतात. कारण एकच, घरामागची बाडी. बाडी कसली, दोन घरांच्या मधली चिंचोळी पट्टी. पण त्यात लाल भाजी होती, चेचची पालेभाजी होती, भिंतीवर कुंदरूचा, म्हणजे तोंडलीचा, वेल होता. एरवी संडासाच्या चपला वेगळ्या, अंगणातल्या वेगळ्या, घरातल्या वेगळ्या असा तुमचा कारभार. बाडीच्या तोंडाशी आलं की मात्र सगळ्या चपला बाहेर. पावसाळ्यात शेजारची नाली भरली की तिचं पाणी वाफ्यांत शिरायचं आणि तुम्ही त्या चिखलात अनवाणी उभ्या राहून भाजी खुडायच्या. मी एकदा टोकलं, तर देवघरात बूट घालून गेल्यासारखं माझ्याकडे पाहिलंत.

“जमिनीत कोनी पायात घालून जाते काय?” तुम्ही म्हणालात. “माह्या बापानं साऱ्या जिंदगीत धुऱ्याच्या आत जोडा नाही नेला.”

“ते शेत होतं आई. ही नाली आहे.”

“नालीच्या पान्यानंच तं भाजी अशी येते. खातेस तवा गोड लागते न?”

भाजी खरोखरच गोड असायची.

मग त्या हिवाळ्यात तुम्ही पांढऱ्या पडत गेलात. बाजारातून येताना वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर टेकायच्या. जिन्याचं नाव काढलं की दम लागायचा. पाय संध्याकाळी सुजायचे. तांदळाच्या डब्यातून मूठभर कच्चे तांदूळ काढून दिवसभर चघळत बसायच्या आणि मी पाहिलं की पदराखाली लपवायच्या. प्रमोद म्हणाला, आईचं वय झालं. तुम्हीही तेच म्हणत होतात, वर हसून, “इंजिन कितीक दिवस चालंल?” माझ्या दवाखान्यात येणारा प्रत्येक म्हातारा माणूस हेच सांगतो आणि घरचे माना हलवतात. मी सगळ्यांना सांगत असते की म्हातारपण हे काही निदान नव्हे. घरात मात्र माझं ऐकणारं कोणी नव्हतं.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्यावर. रायपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, या वयात शरीरातलं लोह इतकं कमी होतं म्हणजे रक्त कुठून तरी झिरपतंय, पोटात गाठ आहे का ते दुर्बिणीने बघावं लागेल. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्याकडे असा रुग्ण आला असता तर मीही हेच म्हटलं असतं. प्रमोद त्या दिवशी ड्यूटीवरून आला, आंघोळीला गेला आणि नळ सोडून आतच बसून राहिला.

माझ्या मनात मात्र दुसरी एक शंका होती. तुमच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, त्या पोटात जंत असले की वाढतात. शिवाय पावसाळाभर तुमच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज होती आणि तुम्ही तिला हळद-तेल लावत होतात. रायपूरला जाण्याआधी साधी तपासणी करून घेऊ, असं मी म्हटलं.

“कायची तपासनी?”

“संडासची. जंत आहेत का बघायचं.”

तुम्ही हातातली परडी खाली ठेवलीत. “जंत? मले? मी काय शाळेतलं पोर आहो, गोळ्या वाटाले आली तू? जंत गंद्या घरात होतात, बाई.”

वाटलं, आता हा विषय महिनाभर निघणार नाही. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रमोद तुमच्याकडून डबी घेऊन आला. आधी प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर फडकं, त्यावर सुतळी. मला इतका आनंद झाला की मी प्रमोदला म्हटलं, बघ, आई किती समजूतदार आहेत. दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपखाली मी स्वतः बघितलं. काही नव्हतं. ना अंडी, ना अळ्या.

तुम्हाला आयतंच हत्यार मिळालं. मी म्हटलं, तरीही जंताची गोळी घेऊन टाका, त्यात नुकसान काही नाही. तुम्ही म्हणालात, “तूच पाह्यलं, काही नाही निघालं. मंग गोळी कावून? उगाच पोटात जहर टाकू?” आणि मग खरी भीती वाटावी असं वागायला लागलात. पेटीतल्या साड्या काढून वाटायला सुरुवात केलीत. शेजारच्या सुखबतीला बाडीतल्या पाण्याची पाळी समजावून सांगितलीत. प्रमोदला म्हणालात, आमगावकडे भावाच्या घरी नेऊन सोड, रायपूरच्या नळ्या माझ्या घशात घालायच्या नाहीत, शेवट गावात होऊ दे. प्रमोद हो म्हणाला. तुमच्या पुढे नाही म्हणायची त्याची कधी टाप नव्हती. पुढच्या आठवड्यात निघायचं ठरलं, आणि मला कळत होतं की एकदा गेलात की तुम्ही परत येणार नाही. तिथे कोणी रक्त तपासणार नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांत तुमचं थकलेलं हृदय थांबलं असतं आणि सगळे म्हणाले असते, वय झालं होतं.

शेवटचं म्हणून मी आणखी एक डबी मागितली. एका नमुन्यात अंडी कधी कधी सापडत नाहीत, हे काही थाप मारलेलं नव्हतं. तुम्ही लगेच हो म्हणालात, आणि सोमवारी सकाळी सुतळी बांधलेली डबी हजर.

मी काचपट्टी तयार केली, बघायला लागले. अंडी याही वेळी नव्हती. पण जिकडेतिकडे पिवळट तुकडे होते, आणि त्यांच्यावर बारीक आडव्या रेघा. कॉलेजात असताना हे इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटूनही ओळखता येईल. ते मांसाचे तंतू होते.

आई, तुम्ही महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या. घरात अंडं घातलेला केक आला म्हणून ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलेल्या. तुमच्या पोटात मटण? क्षणभर मला वाटलं, लपूनछपून खातात की काय, आणि मला हसू आवरेना. मग हसू थांबलं. मी हातमोजे काढले, दवाखान्यात बसलेल्या लोकांना जरा थांबा म्हटलं आणि स्कूटर काढली.

सुखबती दारात भांडी घासत होती. मी तिला नुसतं विचारलं, काल काय जेवलीस?

“इतवार रिहिस न, बोकरा रांधे रहेंव,” ती म्हणाली. रविवार म्हणून बोकड शिजवला होता. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली राखेची चिंधी तशीच राहिली. “मंय तो तोर सास ला मना करे रहेंव, डॉक्टरीन. वोहा सुनबे नइ करिस.”

तुम्हाला तिने नको म्हटलं होतं आणि तुम्ही ऐकलं नव्हतंत. दोन्ही डब्या तिच्याच होत्या.

तुम्ही पलीकडे तुमच्या घरात भाजी निवडत बसला होतात. तिच्या दारातलं बोलणं तुम्हाला ऐकू गेलं होतं, कारण तुम्ही मान वर केली नाही. मी समोर बसले. एवढा राग मला तुमचा कधी आला नव्हता, आणि एवढी भीतीही कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, आई, तुम्ही मरायला निघाला आहात, कळतंय का तुम्हाला?

तुम्ही भाजीची काडी मोडलीत. मग म्हणालात, “त्यात किडे निघाले असते तं तू काय म्हंतलं असतं?”

“काय म्हटलं असतं?”

“हेच म्हंतलं असतं न, का ही बाई मले गिलास धुवाले शिकवते, आन इच्याच पोटात किडे. तू डॉक्टर आहे. तुह्या डोक्यात राहिलं असतं जिंदगीभर. तोंडानं नसतं म्हंतलं, पर राहिलं असतं.” तुम्ही निवडलेली भाजी बाजूला सारलीत. “आन दुसरी गोष्ट. सुनेच्या हातात सासूची घान? मले नाही जमत. पोरीच्या हातात देली असती एखाद्या वक्ती. मले पोरगी नाही.”

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, माझ्या डोक्यात एवढंच राहिलं असतं की तुम्ही पायात काही घालत नाही. तुम्ही त्याही अवस्थेत माझ्यावर डोळे वटारलेत. जे म्हणायचं होतं ते त्या वेळी मला म्हणता आलं नाही. मला म्हणायचं होतं की माझी आई मी कॉलेजात असताना गेली, आणि दुर्गच्या रेल्वे क्वार्टरातून तुमच्या घरी आले तेव्हापासून मला ओरडणारी एक बाई मिळाली आहे, तिला मी आमगावला पाठवणार नाही. हे आज म्हणते आहे. उशीर झालाय, पण तुम्ही माझ्यापेक्षा उशिरा कबूल करायच्या, तेव्हा चालेल.

तिसरी डबी मी स्वतः घेऊन गेले. तुमची अट होती, प्रमोदच्या हाती द्यायची नाही आणि त्याला कळू द्यायचं नाही. त्यात पहिल्याच नजरेत अंडी दिसली, लांबट, पातळ कवचाची, आत द्राक्षाच्या घडासारखे दाणे. अंकुशकृमी, ज्याला आम्ही हुकवर्म म्हणतो. मी तुम्हाला दवाखान्यात बोलावलं आणि मायक्रोस्कोपपुढे स्टुलावर बसवलं. तुम्ही एक डोळा मिटायचा सोडून दोन्ही मिटत होतात. शेवटी दिसलं तेव्हा तिथून डोळा काढायला तयार नव्हतात.

“दिसाले तं चांगलं आहे,” तुम्ही म्हणालात. “हे एवढंसं मले खाऊन राहिलं होतं?”

मी समजावलं, हे अंडं, किडा वेगळा. तोही बोटाच्या अर्ध्या पेराएवढाच. नालीच्या पाण्याबरोबर मैला येतो, त्यातल्या अंड्यांतून ओल्या मातीत अळी निघते, ती तळपायाच्या कातडीतून आत शिरते, फिरत फिरत आतड्यात जाते आणि तिथे भिंतीला तोंड लावून रक्त पीत बसते. एकाने काही होत नाही. पण असे पुष्कळ असले आणि वर्षानुवर्षं राहिले, तर माणूस थेंबाथेंबाने रिकामा होतो. लहान मुलांना शाळेत गोळी मिळते. म्हाताऱ्यांना कोणी विचारतच नाही. घर स्वच्छ की अस्वच्छ याचा यात काही संबंध नाही, हेही मी सांगितलं. तुम्ही खाली वाकून स्वतःचे पाय बघत होतात.

तीन दिवसांच्या गोळ्या तुम्ही माझ्यासमोर घेतल्यात. मग लोहाच्या गोळ्या, महिनोन्महिने. तुम्हाला वाटलं होतं आता रायपूर टळलं. मी टळू दिलं नाही, कारण जंत सापडले म्हणजे दुसरं काही नाही असं होत नाही. तुम्ही मला वाटेतल्या कुम्हारीपर्यंत शिव्या दिल्यात, मग दमून झोपलात. दुर्बिणीत पोट साफ निघालं. येताना प्रमोद गाडी चालवत रडत होता. तुम्ही मागून म्हणालात, रस्त्याकडे पाह्य.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्यानंतरचा एक फोन. दवाखाना भरलेला होता. तुम्ही पलीकडून जवळजवळ ओरडत होतात, “अवं, काळी झाली न. पार डांबरावानी.” मला कळायला थोडा वेळ लागला. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मी म्हटलं, चांगलं लक्षण आहे, घाबरू नका. आणि फोन ठेवल्यावर जाणवलं की हे तुम्ही स्वतःहून मला सांगितलंत. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. रंग, वेळ, घट्ट की पातळ, रोज सकाळी बातमी. एकदा तर प्रमोदचे साहेब चहाला आले असताना सुरू झालात. त्यांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

तुमच्या गालांवर रंग परत आला. तांदळाचा डबा तुम्हाला हाक मारेनासा झाला. सुखबतीलाही मी तपासलं, तिचं पोट दोन्ही वेळा दिसलं होतं तसंच साफ होतं. तुम्हाला ते फार लागलं. बोकड खाणारीचं साफ आणि तुमचं नाही, हा कुठला न्याय, असं तुम्ही कितीतरी दिवस म्हणत होतात. ती प्लास्टिकच्या चपला घालून बाडीत जायची, हे मी सुचवलं की विषय बदलायच्या.

हा आपला वाद अर्धाच राहिला, आई. आपण एक तोड काढली होती, मामाजींचे प्लांटमधले लोखंडी टोकांचे जुने सेफ्टी शूज. ते तुमच्या धन्याचे, त्यामुळे जमिनीला चालतील, असं तुम्हीच ठरवलंत. लुगडं खोचून, ते धूड पायात अडकवून तुम्ही लाल भाजीत फिरताना बघायला गल्ली जमायची. पण मी वळले की तुम्ही ते काढून ठेवायच्या, हे मला माहीत होतं. म्हणून मीही दर पावसाळ्यानंतर तुमच्याकडून डबी मागून घ्यायचे. तुम्ही जिंकलात असं मी मानत नाही. तुम्हीही मानलं नसतंत की मी जिंकले.

कॅम्प-वनच्या म्हाताऱ्या बायकांना मात्र तुम्ही एकेक करून माझ्याकडे पाठवलंत. दम लागतो म्हणाली की तुमचा पहिला प्रश्न, संडास तपासली काय. बाया लाजायच्या. मग तुम्ही स्वतःचं सांगायच्या, सगळं, न लाजता. गावच्या माणसांपुढे नाही, पण गल्लीत सगळ्यांना सांगून मोकळ्या झाला होतात. त्यातल्या एका-दोघींना खरोखरच तुमच्यासारखेच जंत निघाले. बाकीच्यांचं कारण वेगळं होतं, पण ते सापडलं. घरचे त्यांनाही वय झालं म्हणूनच सोडून बसले होते.

या चार-पाच चांगल्या वर्षांबद्दल मी कोणाचे आभार मानू, कळत नाही. तुमचे मानले तर तुम्ही म्हणाल, मी काय केलं, भाजी खाल्ली.

शेवटचे दोन महिने तुम्ही इथे होतात, नेहरू नगरला, या वरच्या खोलीत. हृदय थकलं होतं, त्याला आता खरंच वय झालं होतं आणि या वेळी मी वाद घातला नाही. तुम्हाला उठता येईना तेव्हा प्रमोदने एक आया ठेवली, कामाला चांगली, स्वभावाने गोड. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल, परक्या बाईसमोर कमी संकोच होईल. पहिल्याच दुपारी ती बादली आणि कपडे घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, माताजी हात लावू देत नाहीत, सुनेला बोलवा म्हणतात.

मी दवाखान्यातून तशीच वर आले. तुम्हाला कुशीवर वळवलं, पुसलं, कोरडं केलं, खालची चादर बदलली. तुम्ही डोळे मिटले नाहीत. पाणी कोमट आहे का ते मात्र विचारलंत, आणि नंतर मी हात कोपरापर्यंत धुतले की नाही हेही. बाहेरून प्रमोदने विचारलं, मी येऊ का मदतीला?

“तू कायले येतं?” तुम्ही आतूनच सांगितलंत. “आमी दोघी आहो न.”